तीस मालगाड्या आणि एक गुडघा

घरातलं पाणी प्यायचं फुलपात्र घ्या आणि त्याच्या तोंडावर पट्टी धरा. आठ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आता ते फुलपात्र तोंड आपल्याकडे करून भिंतीला अडकवलंय असं समजा आणि मागे सरकायला लागा. एक एसटी बस मावेल एवढं मागे या. दुसरी बस. तिसरी. चौथी. आणखी अर्धी. झाले ५० मीटर! तिथून ते फुलपात्र दिसतं का बघा. कंपाउंड तिरंदाजीत दहा गुणांचं वर्तुळ एवढंच असतं, ८ सेंटिमीटर व्यासाचं, आणि बाण सोडायचा तो इथून, साडेचार एसटी बसच्या मागून.

२० मे २०२३ रोजी चीनमधल्या शांघायला, विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्याच्या अंतिम सामन्यात, आमच्या बुलढाण्याच्या १९ वर्षांच्या प्रथमेश जावकरनं असे १५ बाण सोडले. चौदा फुलपात्रात. एक, फक्त एक, शेजारच्या नऊच्या वर्तुळात. १५० पैकी १४९! समोर कोण होता? नेदरलँड्सचा माइक श्लोसर, तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज, ज्याला या खेळातले लोक ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात. त्याचे १४८. एका गुणानं सुवर्णपदक आमच्याकडे आलं. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचा अभिषेक वर्मा या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवलं. चोवीस बाण, २४० पैकी २३५.

तरी अजून हा आकडा म्हणावा तसा अंगावर आलेला नाही. चला, अंतर ताणून बघू. लोणारच्या सरोवराच्या काठावर उभे राहा. या काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचं विवर. इथून तेवढ्याच अचूकपणे नेम धरला, तर पलीकडच्या कड्यावर बाण पडायची जागा किती मोठी असेल? पावणेतीन-तीन मीटर. एक बैलजोडी उभी राहील, बस्स. विवराच्या या टोकावरून त्या टोकावरची बैलजोडी! आणखी ताणू या. दहाच्या वर्तुळाच्या पोटात एक आणखी छोटं वर्तुळ असतं, ४ सेंटिमीटरचं, त्याला ‘एक्स’ म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्यावरून मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर नेम धरला, सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर, तर त्या ‘एक्स’ची जागा होते ९६ मीटरची. म्हणजे खंडाळ्याचा घाट, पनवेल, खाडी सगळं ओलांडून बाण वानखेडेच्या सीमारेषेच्या आत पडला पाहिजे. प्रेक्षकांत गेला तरी दहा गुण मिळतील, पण ‘एक्स’ हुकला.

आणि ही सगळी करामत कशावर उभी आहे? दोन तळव्यांवर, एका कण्यावर आणि दोन खांद्यांवर.

आता मोठ्या आकड्यांकडून अगदी बारीक आकड्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. बाण ओढून धरला की एक हात जबड्यापाशी असतो आणि दुसरा समोर, मध्ये साधारण ७० सेंटिमीटर. ५० मीटरवर बाण ४ सेंटिमीटर सरकला की तो फुलपात्राच्या मध्यातून थेट काठावर जातो. त्यासाठी इकडे हात किती हलावा लागतो? त्रैराशिक मांडा. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त! खिशातलं एटीएम कार्ड काढून त्याची कड बघा, ती पाऊण मिलिमीटर असते. त्याहून कमी. आणि थकलेला खेळाडू खांदा वर चढवतो तेव्हा तो किती चढतो? सहज एक सेंटिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात दहा मिलिमीटरची गडबड, जवळजवळ वीसपट. म्हणून तिरंदाजीचे प्रशिक्षक लक्ष्याकडे न बघता खेळाडूच्या मागे उभे राहतात आणि त्याची पाठ बघत बसतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. बाण कुठे लागला हे बघायचं सोडून हे मानेकडे आणि कमरेकडे काय बघतायत? आता हिशेब केल्यावर कळतं. बाण कुठे जाणार ते पाठीत आधीच ठरलेलं असतं.

पण एका बाणाचं हे झालं. खेळाडू एक बाण सोडत नाही.

समजा एक मेहनती मुलगी दिवसाला ३०० बाण सोडते. कंपाउंड धनुष्याला नियमानं जास्तीत जास्त ६० पौंड ताण चालतो, म्हणजे २७ किलोच्या वर थोडा. हिशेबाला सोपं जावं म्हणून २५ किलो धरू. एक बाण ओढायचा म्हणजे क्षणभर २५ किलो. तीनशे बाण म्हणजे ७,५०० किलो. साडेसात टन! सिमेंटची दीडशे पोती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकेका अर्ध्या पोत्यानं, तीन बोटांत आणि एका मनगटात पकडलेल्या चापावर. वर्षातले सुट्ट्या-आजारपणाचे दिवस वगळून ३०० दिवस धरा. वर्षाला बाण ९०,०००. ओढलेला भार २,२५० टन. रेल्वेच्या एका वाघिणीत साठेक टन माल मावतो, म्हणजे सदतीस-अडतीस वाघिणी. मलकापूरच्या फाटकाशी थांबून समोरून जाणारी मालगाडी मोजायला लागा, अडतीस डबे जाईपर्यंत तुमचा पाय दुखेल. एवढं एका पोरीनं एका वर्षात, एका खांद्यानं ओढलं.

मालगाडी रोज दिसत नाही म्हणता? मग विहीर घ्या. आमच्याकडच्या शेतातली विहीर साधारण सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात तीन लाख चाळीस हजार लिटरच्या घरात पाणी. २,२५० टन म्हणजे साडेबावीस लाख लिटर. भागाकार करा. साडेसहा विहिरी! दर वर्षी साडेसहा विहिरी पार तळापर्यंत उपसायच्या, पंचवीस-पंचवीस लिटरच्या पोहऱ्यानं, एकाच हातानं, एकाच बाजूला तोंड करून. टँकरच्या भाषेत, आणि आमच्या जिल्ह्याला उन्हाळ्यात ती भाषा फार चांगली कळते, दहा हजार लिटरचे सव्वादोनशे टँकर.

बाण आणायला चालत जावं लागतं तेही धरू या. सहा बाण सोडले की जायचं पन्नास मीटर, यायचं पन्नास मीटर. तीनशे बाणांना पन्नास फेऱ्या, पाच किलोमीटर. वर्षाला पंधराशे किलोमीटर. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, ती वाट सातशे किलोमीटरहून अधिक. म्हणजे बाण वेचता वेचताच खेळाडूची शेगाव-पंढरपूर वारी जाऊन-येऊन पूर्ण होते, आणि ती मैदान सोडून कुठेही गेलेली नसते!

आणि बाण? नव्वद हजार बाण, प्रत्येकी पन्नास मीटर, एकूण ४,५०० किलोमीटर उडाले. मुंबई-पुणे पंधरा वेळा जाऊन-येऊन. आमच्या सिंदखेडराजा-मेहकरवरून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या, तो सहा वेळा संपवून सातव्या वेळी निम्म्याच्या जवळ. हे सगळं उडायला वेळ किती लागला? बाण तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास धावतो, ५० मीटर जायला ०.६ सेकंद. नव्वद हजार गुणिले ०.६ म्हणजे ५४,००० सेकंद. पंधरा तास! वर्षभराचा सगळा खेळ पंधरा तासांत हवेत संपतो. पण बाण सोडण्यापूर्वी ओढून, स्थिर धरून, श्वास आवरून थांबायला लागतात ती सहा-आठ सेकंदं. आठ धरा. सात लाख वीस हजार सेकंद, म्हणजे २०० तास. आठ दिवस आणि आठ रात्री, झोप नाही, पाणी नाही, हात समोर ताणलेला. बाण पंधरा तास उडतो आणि माणूस दोनशे तास त्याला धरून उभा असतो.

आता त्या समोर ताणलेल्या हातापाशीच थोडं थांबू या, माझा सगळ्यात आवडता हिशेब इथे आहे.

ताणल्यावर कंपाउंड धनुष्याची चाकं बराचसा ताण स्वतःवर घेतात, ही त्याची कमाल. पण धनुष्याचं वजन कुठे जाणार? स्टॅबिलायझरचे दांडे आणि वजनं लावून ते तीन किलोंच्या वरच भरतं. तीन किलो म्हणजे काय, दोन किलो डाळ आणि किलोभर गूळ, पिशवीत घालून कुणीही घरी आणेल. पण ते खांद्यापासून ६५ सेंटिमीटर लांब धरायचं आहे, आणि ज्या स्नायूनं ते तोलायचं तो सांध्याच्या केंद्रापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर ओढतो. पहार आठवा. लांब टोकाला जरा हात लावला की दगड हलतो. इथे उलटं आहे. आपला स्नायू पहारीच्या आखूड टोकाला बसलाय आणि धनुष्य लांब टोकाला. तीन गुणिले पासष्ट, भागिले तीन. पासष्ट किलो! त्यात हाताचं स्वतःचं वजन आहेच, तीनेक किलो, सांध्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर. त्याचे आणखी तीसेक. बेरीज जवळपास एक क्विंटल. खामगावच्या बाजार समितीत काट्यावर सोयाबीनचा एक क्विंटल माल चढतो तेव्हा दोन हमाल लागतात. इथे खांद्याभोवतीचे मुठीएवढे स्नायू मिळून तो तोलतात, दर बाणाला आठ सेकंद, दिवसाला तीनशे वेळा, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत!

या क्विंटलच्या खाली एक फट आहे. खांद्याच्या वरच्या हाडाचं छप्पर आणि दंडाच्या हाडाचं डोकं यांच्यामधली. तिची उंची सुमारे एक सेंटिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढी. त्या फटीतून हात उचलणारा स्नायुबंध जातो. खांद्याचं पातं पाठीवर खाली, सपाट बसलेलं असेल तर फट उघडी राहते. पाठीला पोक आलं, खांदे पुढे झुकले, खांदा कानाकडे चढला की छप्पर खाली येतं आणि फट अरुंद होते. आता त्या अरुंद फटीतून वर्षाला नव्वद हजार फेऱ्या. पाच वर्षांत साडेचार लाख. जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड पाहिलाय ना, दोराच्या येण्याजाण्यानं बोटभर खाच पडलेला? तो काळा पाषाण होता. त्याला गावाच्या तीन पिढ्या लागल्या. हा तर ओला, जिवंत, दोरीसारखा पीळदार मांसाचा तुकडा आहे, आणि त्याच्या हाताशी एक सोळा वर्षांची पोर आणि एक हंगाम. तिरंदाजांचा खांदा का जातो, ते मला या फटीनं समजावलं. एका दिवशी काही झालेलं नसतं. कुणी पडलेलं नसतं, कुणाची धडक बसलेली नसते. फक्त बेरीज झालेली असते.

आमच्या बुलढाण्याला बेरजेचं वेड जुनं आहे. पतसंस्थांचा जिल्हा हा. संध्याकाळी पिग्मीवाला दुकानोदुकानी फिरतो, दहा-वीस रुपये घेतो, वर्षाअखेर दुकानदाराच्या हातात एकदम पोराच्या फीचे पैसे येतात आणि तोच चकित होतो, हे कधी साठले! शरीरही तसंच पिग्मी गोळा करतं. सरळ पाठीचे जमा करतं, वाकड्या पाठीचेही जमा करतं, आणि वर्षाअखेर वही पुढे ठेवतं.

आणि ही वही खेळाच्या मैदानावरच उघडते असं कुठे आहे? २०१४ साली केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या मणक्याच्या सर्जननी एक गणिती प्रतिकृती मांडली, ती वाचून मी अक्षरशः मान ताठ केली. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असेल तर मानेच्या मणक्यावर तेवढंच वजन. मान १५ अंश पुढे वाकली की बारा किलो. तीस अंश, अठरा किलो. पंचेचाळीस अंश, बावीस. आणि मोबाइल मांडीवर ठेवून बघताना मान वाकते तशी साठ अंश वाकली की सत्तावीस किलो. साठ पौंड! आठवतो का हा आकडा? कंपाउंड धनुष्याला चालणारा जास्तीत जास्त ताण. म्हणजे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोराच्या मानेवर स्पर्धेच्या धनुष्याचा जास्तीत जास्त ताण लटकलेला असतो. दिवसाला दोन तास धरा, कुणी फार म्हणणार नाही. वर्षाला ७३० तास. तीस दिवस, तीस रात्री! खेळाडू वर्षाला दोनशे तास धनुष्य धरतो, त्याच्या साडेतीनपट तास त्याची मान बिनबाणाचं धनुष्य ओढत असते. मग सकाळी मैदानावर आल्यावर प्रशिक्षक म्हणतात डोकं मागे, हनुवटी आत, आणि डोकं काही मागे जात नाही. डोकं पुढे राहिलं की जबड्याशी दोरी नीट टेकत नाही, दोरी टेकवायला खांदा वर चढतो, खांदा चढला की ती करंगळीएवढी फट. मोबाइलपासून बाणापर्यंत एकच साखळी आहे.

आणि आमच्याकडच्या पोरापोरींना आणखी एक वाकणं असतं, शेताचं. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की शाळा-कॉलेज सांभाळून वेचणीला जावंच लागतं. एका बोंडातून चार ग्रॅमच्या आसपास कापूस निघतो. दिवसाला पन्नास किलो वेचला तर साडेबारा हजार बोंडं. साडेबारा हजार वेळा हात पुढे, बोटं बोंडात, हात ओटीत. कंबर वाकलेली ती वाकलेलीच. हे काम करून पाच वाजता मैदानावर आलेल्या मुलीला पाठ सरळ करायला सांगताना मला तरी आधी तिचा आदर वाटतो, मग बाकीचं.

पण आकड्यांचा खरा डोंगर पुढे आहे. तिरंदाज मूठभर. भरतीची पोरं किती!

जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला रस्त्यावर या. धाडच्या रस्त्याला, चिखलीच्या रस्त्याला, देऊळगाव राजाच्या बाहेर, मेहकरच्या मैदानात. अंधारात दहा-दहा, वीस-वीस जणांचे घोळके पळत असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८००. एकेक सेकंद गुणात मोजतात. पायात कुणाच्या चांगले बूट, कुणाच्या बाजारातले दोनशे रुपयांचे, कुणाच्या काहीच नाही. डांबरी रस्ता.

धावताना माणूस दर पावलाला हवेत उडतो आणि खाली आदळतो. आदळताना एका पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. मुलगा साठ किलोचा धरा, अडीचपट धरा. दर पावलाला दीडशे किलो. पाऊल एक मीटरचं धरा. सोळाशे मीटरला सोळाशे पावलं, दोन लाख चाळीस हजार किलो. २४० टन! आपल्या भुसावळ-नागपूर मार्गावर एक्स्प्रेस गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन १२३ टनांचं असतं. एका परीक्षेच्या धावेत, पाच-साडेपाच मिनिटांत, पोरानं पायांवर दोन रेल्वे इंजिनं झेलली. आणि लगेच छाती पुढे काढून विचारतो, सर, टायमिंग किती?

आता सराव. रोज पाच किलोमीटर, वर्षात तीनशे दिवस, पंधराशे किलोमीटर, पंधरा लाख पावलं. पंधरा लाख गुणिले दीडशे. कागद घ्या, शून्यं चुकतात. साडेबावीस कोटी किलो. दोन लाख पंचवीस हजार टन! तिरंदाजाच्या खांद्याच्या बरोब्बर शंभरपट. एका अख्ख्या मालगाडीत पावणेचार हजार टन माल धरला तर साठ मालगाड्या. त्या एकामागे एक लावा. एक गाडी साडेसहाशे-सातशे मीटर लांब, साठ गाड्या चाळीस किलोमीटरच्या वर. मलकापूर स्टेशनवर पहिलं इंजिन उभं करा, मागचे डबे नांदुरा ओलांडून जलंबच्या आसपास जाऊन पोचतील. अर्ध्या बुलढाणा जिल्ह्याचा रेल्वेमार्ग भरला, एका पोराच्या एका वर्षाच्या धावण्यानं!

दोन पाय आहेत म्हणून एका गुडघ्याच्या वाट्याला तीस गाड्या. त्या गुडघ्यात हाडाला हाड घासू नये म्हणून निसर्गानं कूर्चेची गादी घातली आहे. तिची जाडी बहुतेक ठिकाणी दोन-चार मिलिमीटर. एक रुपयाची दोन नाणी एकमेकांवर ठेवा, एवढीच. दोन रुपयांच्या जाडीवर तीस मालगाड्या, आणि ती गादी हे सहज पेलते! चाळीस-चाळीस वर्षं पेलते. चालणारे वारकरी सत्तरीतही पेलतात. मी हे लिहिताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

पेलते, फक्त गाड्या सरळ रुळावरून गेल्या पाहिजेत.

आता शेवटचा हिशेब. समजा या पोराचं कटीचं हाड एका बाजूला जरा कललेलं आहे, किंवा एक तळवा सपाट आहे, किंवा धावताना एक गुडघा आत पडतो. बघणाऱ्याला कळतही नाही. त्यामुळे एका पायावर फक्त पाच टक्के जास्त भार येतो. पाच टक्के म्हणजे शंभरात पाच, कोण मोजतंय! दीडशे किलोचे पाच टक्के साडेसात किलो. आणि भरतीत मुलांना फेकायला देतात तो लोखंडी गोळा किती किलोचा? ७.२६० किलो. म्हणजे त्या एका बाजूच्या प्रत्येक पावलाला कुणीतरी भरतीचा गोळा गुडघ्याला बांधलेला आहे. सोळाशे मीटरला आठशे वेळा. वर्षाला साडेसात लाख वेळा. गाड्यांत मोजा. तीस गाड्यांचे पाच टक्के, दीड गाडी. नव्वद वाघिणींच्या आसपास जादा माल, फक्त त्या एका गुडघ्यावर, फक्त एका वर्षात, फक्त जरासं वाकडं उभं राहिल्यामुळे!

त्यात भरतीची जाहिरात येते. जाहिरात आली की सहा महिने बसून असलेली पोरं दुसऱ्या दिवसापासून दहा किलोमीटर पळायला लागतात. रुळांवर एकदम दुप्पट गाड्या सोडल्यासारखं. हाडाला आणि स्नायूला नव्या भाराची सवय व्हायला आठवडे लागतात, मैदानी चाचणी तेवढी थांबत नाही. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. आधी धावल्यावर, मग धावताना, मग जिना उतरताना, मग अंथरुणातसुद्धा. पोरगं घरी सांगत नाही, आई-बाबा म्हणतील सोड म्हणून. पट्टी बांधतं, मलम चोळतं, पळतं. या पोरांसाठी मला खरंच तळमळतं. घरची दोन एकर कोरडवाहू, वयाची अट संपत आलेली, आणि एक नडगी.

या आकड्यांचीच दुसरी बाजू मात्र फार गोड आहे. जे वाकड्याला लागू तेच सरळालाही. खांदा एक सेंटिमीटर खाली आला, तर तो नव्वद हजार बाणांना खाली आला. पाच टक्क्यांचा कल निघाला तर वर्षाला दीड मालगाडी गुडघ्यावरून उतरली. भार दर आठवड्याला थोडा-थोडा चढवला, बसल्या जागी मान पंधरा अंशांवर थोपवली, पार्श्वभागाचे आणि पाठीचे स्नायू आठवड्यातून तीनदा कसले, तर पिग्मीची वही तीच, फक्त रकाना बदलतो. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. आमच्याकडे मी पाहिलंय ते सगळ्यात भारी उपकरण एक बांबूची काठी आहे.

गेल्या हिवाळ्यात एका मैदानावर सकाळी ती पाहिली. नववी-दहावीतली मुलगी, केसांची घट्ट वेणी, हातात धनुष्य नव्हतं, पिवळा रबरी पट्टा होता. तिच्या मागे प्रशिक्षकांनी ती काठी कण्याला लावून उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. तिची मान काठीपासून दोन बोटं पुढे होती. तिनं हनुवटी आत घेतली. काठी टेकली. कपाळावर आठी आली, म्हणजे लागत असावं.

“खांदा कुठंय?”

“खाली, सर.”

“खाली नाही बेटा. बघ.” त्यांनी एक बोट तिच्या पात्याच्या खालच्या टोकावर ठेवलं. “हे माझ्या बोटाला खाली ढकल. हाताला विसर.”

तिनं रबर ओढायला सुरुवात केली. पातं बोटभर खाली सरकलं, स्वेटरच्या आतून दिसलं. कोपर मागे गेलं, रबर जबड्याला लागलं, आणि तिथे ती थांबली. एक, दोन, तीन. रबर थरथरत होतं, काठी नव्हती. आठपर्यंत मोजून त्यांनी मान हलवली. तिनं सोडलं नाही, सावकाश परत आणलं, रबराला झटका बसू दिला नाही.

“किती झाले?”

“चाळीस.”

“अजून वीस. मग धनुष्य.”

पलीकडे रस्त्यानं भरतीची पोरं गेली, पाय आपटत, एका तालात, धुक्यात. तिनं तिकडे बघितलं नाही. हनुवटी आत घेतली आणि काठी पुन्हा टेकली.